बचावपटूचा परिचय

सिंगापूरच्या आमच्या मंडळात गेली अकरा वर्षं प्रमुख पाहुण्यांचा परिचय मी करून देतो. हे काम मला रीतसर कोणी दिलं नव्हतं. एका वर्षी ज्या गृहस्थांनी परिचय करून द्यायचा होता ते ऐनवेळी तापाने झोपले, अध्यक्षबाईंनी माझ्या हातात कागद कोंबला, आणि मी तो असा काही वाचला की पुढच्या वर्षी त्या गृहस्थांना ताप नसतानाही कोणी विचारलं नाही. तेव्हापासून बँकांचे मोठे अधिकारी, हृदयाचे डॉक्टर, पुण्याहून मुलीकडे आलेल्या निवृत्त प्राचार्या, सगळ्यांना मी हरभऱ्याच्या झाडावर चढवत आलोय. "यांना परिचयाची गरज नाही" असं म्हणून मी आरामात पंधरा मिनिटं बोलू शकतो.

ही कला मी मंडळात नाही, ऑफिसात शिकलो. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या सिस्टिम्स चालू ठेवणाऱ्या टीमचा मी मॅनेजर. आमचं काम इतकंच की काही बंद पडू नये. बंद पडलं नाही तर आम्ही आहोत हेही कोणाला आठवत नाही, आणि पडलं तर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. पण दर डिसेंबरात प्रत्येकाला स्वतःच्या वर्षभराच्या कामगिरीचा फॉर्म भरावा लागतो, आणि तिथे "काही झालं नाही" असं लिहून भागत नाही. मग सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, याचं "आणीबाणीच्या प्रसंगी निर्णायक नेतृत्व" होतं. चूक झाली असेल तर ती "शिकण्याची संधी" होते, आणि फारच मोठी असेल तर ती लिहायचीच नाही. वीस वर्षं असे फॉर्म भरून माझा हात असा काही बसलाय की किराणा मालाच्या यादीतही मी विशेषणं घालतो, असं बायको म्हणते.

परिचयाचे नियमही तेच. परिचयातला माणूस कधी नापास झालेला नसतो. त्याला नोकरीवरून काढलेलं नसतं, त्याने "नवी आव्हानं स्वीकारलेली" असतात. त्याचा धंदा बुडालेला नसतो, तो "समाजकार्याकडे वळलेला" असतो. पाहुणेही हे सगळं चेहऱ्यावर संकोच आणून ऐकतात, आणि एखादी पदवी राहिली तर चहाच्या वेळी बाजूला घेऊन आठवण करून देतात.

या वर्षी मंडळाच्या क्रीडामहोत्सवाला पाहुणे मिळेनात. क्रीडामहोत्सव म्हणजे मुलांची लिंबू-चमचा, तीन पायांची शर्यत आणि आयांची रस्सीखेच. त्याला "महोत्सव" मीच म्हणायला लावलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, दरवर्षी खेळाच्या कार्यक्रमाला आपण बँकवाले बोलावतो. या वर्षी खरा खेळाडू आणा की कोणीतरी." मी म्हटलं, आहे, आमच्याच कॉन्डोत राहतो.

तो म्हणजे आमच्या वर दोन मजले सोडून राहणारा मेक्सिकन. मरीन परेडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो सात वर्षांपूर्वी बायको आणि चार वर्षांच्या मुलीसह आला. बायको एका शिपिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि हा तिच्या नोकरीमुळे मिळालेल्या पासवर, घर सांभाळायला, म्हणजे मुलीला शाळेत सोडणं, स्वयंपाक, इस्त्री, आणि शनिवारी ईस्ट कोस्टला समुद्रकाठच्या पार्कात लहान मुलांना फुटबॉल शिकवणं. चाळिशी उलटलेला, दाराएवढा उंच, नाक दोनदा मोडलेलं. जिने उतरताना मात्र कठड्याला धरून आडवा आडवा उतरतो, कारण गुडघे कामातून गेलेत. मी इंजिनिअर आहे कळल्यापासून तो मला "इंहे" म्हणतो. त्यांच्याकडे इंजिनिअरला लाडाने तसं म्हणतात. आपण कोणालाही "साहेब" म्हणतो, त्यातलाच प्रकार.

तो सोळा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला, हे मला लिफ्टमध्ये कळलं. मी क्रिकेटवाला माणूस, लगेच आकडा विचारला. "गोल किती केलेत?"

"चार."

"एका वर्षात?"

"सोळा वर्षांत."

मी त्याचं सांत्वन केलं. म्हटलं, होतं असं, नशीब असतं एकेकाचं. तो इतका हसला की लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबून पुढे गेली तरी हसत होता. मग त्याने मला समजावलं, की तो बचावपटू, म्हणजे गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं, समोरच्याला करू न देणं हे काम होतं. मला अर्थातच तो माणूस एकदम आवडला. आमच्या टीममध्ये सहज खपला असता.

प्रमुख पाहुणे व्हा म्हटल्यावर त्याने आधी नाही म्हटलं. मग विचारलं, असतं काय त्यात? मी सांगितलं, शाल देतात, नारळ देतात, तुमच्या कारकिर्दीचा परिचय वाचतात, मग तुम्ही दोन शब्द बोलायचं.

"माझी कारकीर्द कोण वाचतं?"

"मी."

"सगळ्यांसमोर? माइकवर?"

"कोट घालून," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मुलीला आणू का?" मी म्हटलं, आणा की. "मग येतो. पण तू सगळं सांगायचंस, इंहे. सगळं."

हे "सगळं" म्हणजे काय, ते पुढच्या रविवारी सकाळी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कळलं. टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरलं होतं, समोर कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, दोन कप, आणि मी वही उघडून बसलेलो. त्याने वहीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा अठरा सेकंदांची एक गोष्टच सांगितली.

उत्तर मेक्सिकोतल्या एका रखरखीत शहराचा क्लब. हंगामाची शेवटची मॅच. बरोबरी झाली असती तरी क्लब वरच्या श्रेणीत टिकला असता, आणि बरोबरीच चालली होती. पाच मिनिटं उरली होती. बॉल याच्याकडे, आजूबाजूला कोणी नाही. याने न बघता मागे आपल्या गोलकीपरकडे दिला. गोलकीपर तिथे नव्हता, समोरच्या टीमचा माणूस होता. गोल झाला, क्लब खालच्या श्रेणीत गेला, आणि सोळा वर्षं माणूस काय खेळला याचं इंटरनेटवर एवढंच शिल्लक राहिलं. अठरा सेकंदांचा व्हिडिओ, वर हसणारी तोंडं. माती खाल्ली म्हणतात ती अशी, अख्ख्या जगासमोर.

तो व्हिडिओ वर्षापूर्वी मुलीच्या शाळेत कोणाला तरी सापडला आणि वर्गभर फिरला. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. चार वर्षांची असल्यापासून ती दर शनिवारी बापाबरोबर ईस्ट कोस्टला खेळायला जायची. त्या आठवड्यापासून बंद झाली. बूट कोनाड्यात गेले. रडली नाही, भांडली नाही, एक शब्द विचारला नाही.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "ती विचारत नाही. आणि मी आपणहून सुरू केलं तर ते कारण दिल्यासारखं होतं. बाप सफाई देतोय. पण दुसऱ्या माणसाने सांगितलं, माइकवर, तर ती नुसती झालेली गोष्ट होते. मग तिला विचारता येईल."

मी म्हटलं, बिनधास्त राहा. अकरा वर्षांचा अनुभव आहे.

तीन रविवार तो बोलला आणि मी लिहून घेतलं. बाप पाण्याचा टँकर चालवायचा. एकोणिसाव्या वर्षी हा पहिल्या संघात आला. एकदा देशाच्या संघाच्या सराव शिबिराला बोलावणं आलं, दोन मैत्रीपूर्ण सामन्यांत बाकावर बसला, मैदानात पाय पडला नाही. मग ती मॅच. शिट्टी वाजल्यावर सगळी टीम आत पळाली आणि हा एकटा आपल्या प्रेक्षकांच्या स्टँडसमोर जाऊन उभा राहिला, त्यांच्या शिव्या संपेपर्यंत. पुढच्या हंगामासाठी वरच्या श्रेणीतले दोन क्लब याला घ्यायला तयार होते. हा गेला नाही. ज्यांना खाली नेलं त्यांच्याबरोबर खाली गेला. चौदा चौदा तासांचे बसचे प्रवास, नळाला पाणी नसलेल्या कपडे बदलायच्या खोल्या, आणि पहिलं वर्षभर घरच्याच मैदानावर, याच्या पायाला बॉल लागला रे लागला की हुर्यो. चौथ्या वर्षी हा कप्तान होता आणि क्लब वर आला. त्या शेवटच्या मॅचच्या शेवटच्या मिनिटाला बॉल पुन्हा याच्याकडे, जवळजवळ त्याच जागी. सगळं स्टेडियम श्वास रोखून. याने मान वळवून गोलकीपर कुठे आहे ते नीट बघितलं, अगदी दोनदा बघितलं, आणि मागे दिला. लोक हसायला लागले, मग रडायला लागले, असं तो म्हणाला. पुढच्या वर्षी गुडघ्याने संपवलं.

मी वही मिटली तेव्हा खरोखर भारावलो होतो. घरी आलो, लॅपटॉप उघडला, आणि जन्माची खोड उसळली.

आधी ते अठरा सेकंद काढले. शुभ कार्यात ते कशाला? त्यात काही अवघड गेलं नाही. मग घोडं पेंड खायला लागलं. क्लब खाली गेलाच नाही, तर वर कसा आला? म्हणजे वर येणंही काढायला हवं. मग ती चार वर्षं काढली, बसचे प्रवास काढले, स्टँडसमोर उभं राहणं काढलं. राहिलं ते "क्लबशी अखेरपर्यंत एकनिष्ठ" या एका ओळीत बसलं. एवढं काढल्यावर कागद फारच रिकामा दिसायला लागला, म्हणून भरायला घेतलं. बाकावरच्या दोन मॅचेसचं "राष्ट्रीय संघाचे आधारस्तंभ" झालं. चार गोलांचं "मोक्याच्या क्षणी संघाला तारणारे गोल". नाक मोडल्याचं मात्र तसंच ठेवलं, ते शौर्यात जमा होतं.

बायकोने वाचलं. "छान आहे. यात तो कुठे आहे?"

"म्हणजे?"

"त्याने सांग म्हटलं होतं ना ते? मुलीसाठी?"

मी भडकलो. म्हटलं, "तुला यातलं कळत नाही. दोनशे लोकांसमोर असं कोणाचं सांगतात का? मी त्या माणसाची लाज राखतोय."

"त्याने राखायला सांगितली होती का?" असं विचारून ती भाजी परतायला गेली. मला राग आला, आणि राग आला की मी बरोबर आहे असं मला वाटतं. कागद तसाच छापला.

कार्यक्रम एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये. हॉल एक वाजेपर्यंत आपला, एक वाजून एक मिनिटाला दुसऱ्यांचा. आत ज्योत पेटवायला परवानगी नाही म्हणून दीपप्रज्वलन बॅटरीच्या समईने, तिचं बटण सापडायला दहा मिनिटं गेली. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंच्या आया हरायला तयार नाहीत, त्यात अर्धा तास. सव्वाबाराला मी माइक घेतला. पहिल्या रांगेत माझ्या बायकोशेजारी ती मुलगी बसली होती, हाताची घडी घालून. पाहुण्यांनी काळा सूट घातला होता. खांद्यावर शाल, हातात नारळ. तो नारळ धरून ठेवायचा की परत द्यायचा, असं त्याने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, धरा.

पाहुण्यांना मराठी येत नाही म्हणून या वेळचा परिचय इंग्रजीत होता, आणि इंग्रजीत माझी विशेषणं मराठीपेक्षा सुसाट सुटतात. "आधारस्तंभ" आल्यावर टाळ्या पडल्या. तो मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, विनय. लोकांनी टाळ्या वाजवल्या की मी लांबवतो, तसं लांबवलं. त्या मॅचच्या वर्षापर्यंत आलो तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता, नारळ दोन्ही हातांत घट्ट. मी ते वर्ष ओलांडून गेलो. त्याच्या पुढच्या वर्षावर गेलो, आणि त्याच्याही पुढच्या. तेव्हा तो हळूच मागे टेकला. हे सगळं मी बघितलं होतं, पण मला कळलं नव्हतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

परिचय पस्तीस मिनिटं चालला. अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली, "आवरा." पाहुण्यांना बोलायला दहा मिनिटं राहिली होती आणि त्यात बक्षिसंही द्यायची होती. तो उठला, सगळ्यांचे आभार मानले, मुलांना म्हणाला की पाणी पीत जा. मग म्हणाला, "एक मॅच होती..." आणि तेवढ्यात लिंबू-चमच्याची मुलं स्टेजवर चढली, अध्यक्षबाईंनी त्याच्या हातात पहिला कप दिला, आणि मागे हॉलवाल्या काकांनी खुर्च्यांच्या घड्या घालायला सुरुवात केली. त्याने सत्तावीस मुलांना सत्तावीस कप दिले. बोलायचं राहून गेलं.

बाहेर पॅसेजमध्ये वडे आणि चहा होता. मुलगी पाण्याच्या नळापाशी एकटी उभी होती. मी खुशीत गेलो. म्हटलं, कसं वाटलं बाबांबद्दल ऐकून?

"अंकल, नॅशनल टीमचं खरं नाही ना?"

"शिबिराला बोलावलं होतं की त्यांना."

"बोलावलं. खेळले नाहीत. मग पिलर कशाला म्हणालात?"

मी म्हटलं, भाषणात असं थोडं वाढवून सांगतात.

"मग बाकीचं किती वाढवलंय?" तिने विचारलं. ती माझ्याकडे न बघता, इथल्या पोरांसारखं शेवटी "लाह" लावत बोलत होती, नळाच्या बटणावर अंगठा ठेवून. "पापा मम्माला सांगत होते, या वेळी अंकल ते पण सांगणार. व्हिडिओचं. म्हणून मी आले. तुम्ही नाही सांगितलं. पापांनी सांगा म्हटलं, तरी तुमची हिंमत नाही झाली. म्हणजे ते खरंच तेवढं वाईट आहे, लाह."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची बोलती अकरा वर्षांच्या पोरीने बंद केली. एवढ्यात तो आला, शाल नीट घडी करून हातावर घेतलेली. "सुंदर बोललास, इंहे," म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, हे मला जास्त लागलं. दोघं निघाले. मुलगी चार पावलं पुढे, तो मागून, पायऱ्या आडव्या आडव्या उतरत. मला शरम वाटली. त्याने मला एकच काम सांगितलं होतं, मुलीला विचारता येईल असं करून दे, आणि मी तिच्या तोंडाला कायमचं कुलूप लावून आलो होतो. त्याला ज्या गोष्टीची लाज उरली नव्हती, तिची लाज मला वाटली होती. आणि त्या पोरीने तीच उचलली.

बायको काही बोलली नाही. बोलली असती तर भांडता आलं असतं. त्यानंतर दोन आठवडे मी लिफ्टऐवजी जिन्याने गेलो, की तो भेटू नये. गुडघे दुखतात म्हणून तो जिन्याने येत नाही, हे मला माहीत होतं. माणूस किती खाली उतरू शकतो याचा तो माझा स्वतःचा विक्रम.

मग अध्यक्षबाईंचा मेसेज आला. मंडळाची वार्षिक स्मरणिका छापायला जाते आहे, पाहुण्यांचा परिचय पाठवा, तोच पाठवा, सगळ्यांना फार आवडला. मी फोन केला. म्हटलं, तो देणार नाही, नवा लिहितो.

"अहो, कशाला? इतका छान झाला होता."

"ताई, त्यात नाव सोडून काही खरं नव्हतं."

"परिचयात कोण एवढं बघतं?" त्या म्हणाल्या.

"बघणारी एक होती," मी म्हटलं, आणि बारा दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या शनिवारी सकाळी वर गेलो. दार त्यानेच उघडलं, हातात इस्त्री. मी माफी मागितली. तो "काही हरकत नाही" म्हणाला नाही. ते मला बरं वाटलं, खरं सांगतो. इस्त्री खाली ठेवली आणि म्हणाला, "मुलीला उठवतो. प्राटा खायला जाऊ."

मुलगी आली ती प्राट्यासाठी, म्हणजे इथल्या पराठ्यासाठी. तसं तिने स्पष्ट सांगितलं. हॉकर सेंटरवर ती माझ्या समोर, तो तिच्या शेजारी, मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून. मी तिला म्हटलं, "मी त्या दिवशी माती खाल्ली. पापांनी मला जे सांगितलं होतं ते मंडळाच्या पुस्तकात छापायचंय, त्याआधी मी आता वाचतो, जसंच्या तसं. तू ऐकलं नाहीस तरी चालेल." वही उघडली आणि वाचायला लागलो. एकही विशेषण नाही. पाण्याचा टँकर. एकोणिसावं वर्ष. बाकावरच्या दोन मॅचेस. मग ते अठरा सेकंद, न बघता मागे दिलेला बॉल, गोलकीपर नव्हता, सगळं. मुलगी प्राट्याचे तुकडे करून रश्श्यात बुडवत होती आणि खात नव्हती. तो समुद्राकडे बघत होता.

मी पुढे वाचत गेलो. स्टँडसमोर उभं राहणं, दोन क्लबना नाही म्हणणं, बस, हुर्यो. "दुसऱ्या वर्षी हुर्यो कमी झाली," असं वाचलं तेव्हा तिने डोकं वर केलं.

"किती कमी?" तिने मला विचारलं.

वहीत ते नव्हतं. एरवी मी ठोकून दिलं असतं. वाट्टेल ते आकडे माझ्या जिभेवर तयार असतात. मी वही मिटली.

"मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. ते होते."

मागच्या टेबलावरचे आजोबा ट्रे उचलून घेऊन गेले. मला वाटलं, संपलं, आता उठून जाईल ही. तिने बोटं टिश्यूला पुसली, एकेक करून, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याकडे वळून विचारलं.

"पापा, किती कमी?"

"पहिल्या वर्षी सगळं स्टेडियम. दुसऱ्या वर्षी फक्त गोलच्या मागचे. तिसऱ्या वर्षी एकच म्हातारा राहिला होता."

"एकच?"

"एकच. पण मोठा आवाज. शेवटपर्यंत थांबला नाही. वर आलो त्या दिवशी मी त्याला जर्सी नेऊन दिली. त्याने घेतली, घडी केली, खिशात घातली, आणि परत शिव्या दिल्या."

ती हसली. हसू आवरायला गेली आणि जास्तच हसली, तिच्या नाकातून रस्सा यायची वेळ आली. तो हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याची हनुवटी हलत होती. मी माझ्या कपात बघितलं.

"अंकल, तुम्ही हे लिहिणार पुस्तकात?" तिने विचारलं. मी म्हटलं, लिहिणार, थोड्याच दिवसांत द्यायचंय. तिने मान हलवली. "तुम्ही परत चुकीचं लिहाल, लाह. मी लिहिते." आणि माझ्या हातातलं पेन घेतलं, वही स्वतःकडे ओढली, कोरं पान काढलं. मधली रिकामी खुर्ची तिला आड येत होती, ती तिने पायाने बाजूला ढकलली.

इंग्रजीत, मोठ्या गोल अक्षरात तिने पहिलं वाक्य लिहिलं: माझ्या बाबांनी बॉल घालवला.

त्याने वाकून वाचलं. बराच वेळ वाचलं, जणू चार शब्द नाहीत, पानभर मजकूर आहे. मग त्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"घालवला नाही," तो म्हणाला. "माझ्याकडून कोणी हिसकावून घेतला नव्हता. मी दिला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तो शब्द खोडला, वर "दिला" असं लिहिलं, आणि पेन कागदावरून न उचलता विचारलं, "मग?"